विकणे आहे, आपल्या माणसास

१२ फेब्रुवारी १९९५, रविवार

आज माझा ओटा फोडला.

या घरात आल्यापासून मी ह्यांना सांगत होते, ओटा दोन विटा वर घ्या, कंबर मोडते. उत्तर ठरलेलं: "पुढच्या वर्षी बघू." आज सकाळी घणाचे आवाज आले, तेव्हा मला वाटलं, देवाला दया आली एकदाची. मग कळलं — दया आली आहे, पण ती गिऱ्हाइकाची! "अगं, ग्रॅनाइटचा ओटा असला की घर पटकन जातं," हे म्हणाले. म्हणजे जी कोण बाई हे घर विकत घेईल तिच्या कंबरेसाठी हा सगळा खर्च. तिला मी ओळखत नाही, हेही ओळखत नाहीत. पण तिची कंबर दुखू नये याची काळजी आत्तापासून.

माझी कंबर काय, सवयीची झाली आहे.

१३ फेब्रुवारी, सोमवार

धूळ. पोळीत धूळ, देवात धूळ, चष्म्यावर धूळ. हे शेजारच्या खोलीत बसून मिस्त्रीला इंग्रजीत सूचना देतात. तो तेलुगूत "हां सार" म्हणतो आणि त्याला हवं ते करतो.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

हे रिटायर झाले तेव्हापासून एकच धोशा — पुणे. "आता आपल्या माणसांत जाऊन राहायचं." आपली माणसं म्हणजे आमची रुपाली, जी लग्न होऊन कोथरूडला असते, आणि तिच्या आजूबाजूला पसरलेलं बाकीचं पुणे. ह्यांचे पणजोबा परभणीकडच्या जिंतुराहून निजामाच्या नोकरीत आले. तेव्हापासून सगळं घराणं हैदराबादेत. पुण्यात ह्यांच्यातलं कोणी जन्मलं नाही की मेलं नाही. तरी हे म्हणतात, "पुण्याला परत जाऊ." जिथे कधी नव्हतोच तिथे परत कसं जातात, असं मी एकदा विचारलं. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

रुपालीच्या लग्नात तिची सासू मला म्हणाली होती, "तेलुगू असून किती छान मराठी बोलता हो तुम्ही!" मी आमच्या हैदराबादी पद्धतीने म्हटलं, "हौ." बिचारीची खात्रीच पटली.

मला जायचं नाही. माझी नोकरी इथल्या शाळेत झाली. माझी भाजीवाली तेलुगूत बोलते, मी मराठीत बोलते, आणि आजवर आमचं भांडण झालेलं नाही. वरच्या मजल्यावर इंदुताई आहेत, त्यांच्याबरोबर दुपारचा चहा असतो. शनिवारी अफझलगंजच्या लायब्ररीत जाते, तिथलं मराठीचं कपाट माझ्याइतकं कोणी उघडत नसेल. रुपालीकडे आठवडाभर छान वाटतं, मग मी जावयाची पाहुणी होते. उरलेलं आयुष्य पाहुणी म्हणून काढायचं?

हे सगळं ह्यांना सांगणार आहे. वेळ बघून.

५ मार्च, रविवार

घर तयार झालं. आता ते आमचं राहिलं नाही.

शहाबादी फरशी गेली, मार्बल आलं. त्यावर हे मोजे घालून चालतात, दोनदा घसरले. दिवाणखान्याच्या छताला पांढरं फूल काढलं आहे, केकवर असतं तसं. दोन्ही बेडरूमना सरकत्या खिडक्या बसल्या आहेत, त्या सरकतात आणि मग तिथेच अडकतात. संडासात कमोड बसवला आहे. तो इतका झकपक आहे की हे स्वतः त्यावर बसायला धजत नाहीत. रोज सकाळी हिम्मतरावांकडे "पेपर वाचायला" जातात. हिम्मतराव म्हणजे इंदुताईंचे यजमान आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन. पेपर आमच्याकडेही येतो, हे त्यांनी अजून बोलून दाखवलेलं नाही. मोठं मन.

आणि ग्रॅनाइट! काळंभोर, तोंड दिसेल असं. त्यावर कणीक मळायची नाही, हळद सांडायची नाही, गरम भांडं ठेवायचं नाही. मी म्हटलं, स्वयंपाक कुठे करू? तर गॅलरीत जुना स्टोव्ह मांडून दिला. जमिनीवर बसून करते. पूर्वी ओटा खाली होता, आता ओटाच नाही. प्रगती म्हणतात ती हीच.

८ मार्च, बुधवार

आज जाहिरात लिहिली गेली. चार मसुदे झाले. शेवटचा असा:

"विकणे आहे. हिमायतनगर येथील सहकारी सोसायटीतील, दोन शयनगृहांचे, संपूर्ण नूतनीकरण केलेले हवेशीर घर. फक्त आपल्या माणसांनीच चौकशी करावी."

"आपल्या माणसांनी" हे असं आहे — सोसायटी काढली मराठी सरकारी नोकरांनी. कुणालाही घर विकायचं तर सभेची संमती लागते, आणि घेणारा मराठी भाषक हवा, असा नियम आहे. नियम कुणी लिहिला? सेक्रेटरींनी. सेक्रेटरी कोण? आमचे हे. मागे तळमजल्यावरचे श्रीकांत एका तेलुगू इंजिनियरला घर विकायला निघाले होते, तेव्हा ह्यांनीच सभेत उभं राहून "सोसायटीचं वळण बिघडेल" असं भाषण केलं. घर राहिलं. श्रीकांत तेव्हापासून ह्यांना ओळख देत नाहीत.

जाहिरात पेपरात द्यायची नाही. मराठी मंडळात आणि लायब्ररीत पाटी लावायची, फक्त मराठीत. "ज्याला वाचता येईल तोच आपला. चाळणी आपोआप लागते." आपल्या हुशारीवर हे इतके खूश झाले की दोनदा चहा मागितला.

संध्याकाळी हिम्मतरावांचा हेमंत येऊन गेला. तिशीचा आहे, कंप्युटरच्या कंपनीत आहे, हुशार पोरगा. मसुदा हातात घेऊन म्हणाला, "अंकल, ये 'शयन'... काय आहे?" हे म्हणाले, "बेडरूम." तो म्हणाला, "मग बेडरूम लिहा ना, लोकांना कळना पाहिजे ना." चाळणीतून पहिला हेमंतच गळला!

१२ मार्च, रविवार

कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथचा कुलदीप आता घरंही विकतो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी एक जोडपं घेऊन आला. "आंटी, सिर्फ देखने कू आए. लेना बोलके नहीं." कंत्राटदार गृहस्थ, त्यांची बायको आणि त्यांचा वास्तुवाला.

हैदराबादेत आता वास्तुवाल्याला विचारल्याशिवाय कुणी शिंकतही नाही. याच्याकडे होकायंत्र होतं. घरभर फिरून त्याने निकाल दिला — जिथे देव आहेत तिथे संडास हवा, आणि जिथे संडास आहे तिथे देव. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कमोडभोवती कोऱ्या टाइल्स लावल्यात ना! बाईंना मात्र ओटा आवडला. "बागुंदि, बागुंदि," म्हणत हात फिरवत होत्या. पैसे म्हणाल तेवढे, असं गृहस्थ म्हणाले.

ह्यांनी मनातल्या मनात आकडा मांडूनही पाहिला. पण नियम पडला स्वतःचा! छाती काढून म्हणाले, "घर मराठी माणसालाच द्यायचं आहे." गृहस्थांनी कुलदीपला तेलुगूत काहीतरी विचारलं. मी नंतर कुलदीपला खोदून विचारलं तर म्हणाला, "पूछ रहे थे, अंकल की तबियत ठीक है ना."

१९ मार्च, रविवार

आज अखेर आपली माणसं आली! अविनाश आणि रंजना, दिलसुखनगरला कोचिंग क्लास चालवतात. मराठी वाचता येतं, म्हणजे त्याच्या आईला येतं, तिने पाटी वाचून सांगितली.

घर पाहिलं, कमोड पाहिला, फूल पाहिलं. लिफ्ट का नाही, मारुती कुठे लावायची. मग रंजना मला म्हणाली, "आंटी, पाणी?" मी म्हटलं, एक दिवसाआड, आणि उन्हाळ्यात तेही देवाच्या मर्जीने. ह्यांनी डोळे वटारले. विचारलं म्हणून सांगितलं. खोटं बोलायचं असतं तर मीही कोचिंग क्लास काढला असता.

जाता जाता अविनाश म्हणाला, तसं आम्हालाही दोन-चार वर्षांत पुण्यालाच शिफ्ट व्हायचं आहे. हे इतके हरखले की विसरूनच गेले, तो घर घ्यायला आला होता.

२४ मार्च, शुक्रवार

ग्रॅनाइटवर चहाचा थेंब सांडला. ह्यांनी तो स्वतःच्या रुमालाने पुसला. रुपाली लहानपणी पडली होती तेव्हा, "रडू नकोस, उठ," एवढंच म्हणाले होते.

२८ मार्च, मंगळवार

फोन! लायब्ररीतली पाटी वाचून कुणी देशमुखबाई बोलत होत्या. हे आधी सेक्रेटरीच्या आवाजात बोलत होते. मग एकदम उभे राहिले. फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "जिंतूरच्या आहेत. आपल्या जिंतूरच्या!" पुढे दहा मिनिटं नुसतं "हो का, हो का". कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, मुलगी शिकायला औरंगाबादला, यजमान वारले, बरेच दिवस घर शोधताहेत. "काय शुद्ध भाषा," हे म्हणाले. "अशी माणसं राहिली नाहीत आता."

शनिवारी पाडवा आहे, तर जेवायलाच बोलावलं आहे. पुरणपोळी कर म्हणाले. मी म्हटलं, गॅलरीत बसून? तर त्या एका दिवसापुरती ओट्याची परवानगी मिळाली आहे!

मला मात्र धसका बसला. पाण्याचं सांगूनही ही बाई पळणार नाही, असं का कोण जाणे वाटतंय.

१ एप्रिल, शनिवार, पाडवा

हे पांढरा सदरा घालून दारात उभे. बेल वाजली. साठ टक्के पिकलेले केस, सुती साडी, चष्मा. "नमस्कार. मी नसीम देशमुख."

ह्यांचे जोडलेले हात जोडलेलेच राहिले. मग हे त्यांच्या खांद्यावरून जिन्याकडे बघायला लागले, जणू खऱ्या देशमुखबाई मागून धापा टाकत येत आहेत. त्या हसल्या. "मीच, सर. आमच्यात देशमुखी आहे. जुनं वतन, आडनाव त्याचंच." मी जन्मात इतकी खूश झाले नव्हते. चाळणी इतकी बारीक लावली की शेवटी दाणा पडला तो हा!

पण आत आल्यावर माझी मजा हळूहळू ओसरत गेली. त्या पोळी जेवल्या. "ताई, तूप जरा सोडा अजून." आमच्या पणजोबांचा वाडा कुठल्या गल्लीत असेल ते त्यांनी सांगितलं, तिथे आता पोस्ट आहे म्हणाल्या. ह्यांनी तो गाव पाहिलेला नाही. लहान मुलासारखे ऐकत बसले होते. मग त्यांनी घर पाहिलं. छताच्या फुलाकडे बघितलं आणि शहाण्या माणसासारख्या काही बोलल्या नाहीत. मार्बलवर पाय टेकून म्हणाल्या, "खाली शहाबादी होती का हो? उन्हाळ्यात ती बरी." सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं, पुस्तकांचं कपाट कुठे राहील. मी पाण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तीन दिवसांनी येतं." आणि स्वयंपाकघरात ओट्याला हात लावून म्हणाल्या, "उंच आहे, बरं झालं. माझी कंबर जाते हो खालच्या ओट्याने."

तर ही ती बाई.

निघताना मी विचारलं, इतके दिवस शोधूनही घर का मिळालं नाही. सरळच म्हणाल्या, "घर दाखवतात छान, ताई. चहाही देतात. नाव सांगितलं की त्यांच्या पुतणीचं लग्न निघतं आणि घर तिला द्यायचं असतं. या गावात पुतण्या फार आहेत."

त्यांची टिंगल करायला म्हणून वही उघडली होती. काही सापडत नाही.

२ एप्रिल, रविवार

सकाळपासून हे घरात येरझारा घालत आहेत, मोजे घालून. "बाई उत्तम आहे." मी म्हटलं, मग? "मग काय." पुन्हा येरझारा.

दुपारी जेवताना अचानक म्हणाले, "नियमात मराठी भाषक म्हटलंय. तिच्याइतकं मराठी या सोसायटीत कुणाला येतं? मीच लिहिलाय नियम. त्यात दुसरं काही नाही." आणि भात मागितला.

इतक्या वर्षांत मला ह्यांचा अभिमान वाटावा असे प्रसंग मोजकेच आले. हा त्यातला एक होता. आणि त्याच घासाला मला कोथरूड आठवलं. सभेने हो म्हटलं तर जूनमध्ये मी पुण्यात.

६ एप्रिल, गुरुवार

बातमी सोसायटीत पसरली. हिम्मतराव आले, सोफ्यावर टेकले. "दत्तात्रयराव, वहिनी, आमाला काई प्रॉब्लेम नाही हो. आमी तर निजामाच्या काळापासून सोबत राहिलेले माणसं. पण लोक बोलतात." दुपारी इंदुताई म्हणाल्या, "मला काही नाही गं, बाई चांगलीच दिसते. पण गणपतीत वगैरे... लोकांचं कसं असतं." जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला काही प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम फक्त लोकांना आहे. आमच्या सोसायटीत लोक नावाचं एक बिऱ्हाड राहतं, ते कुठल्या मजल्यावर हे मला अजून कळलेलं नाही.

हे लिहून हसले. मग हसू गेलं. कारण लोक नाही म्हणाले तर घर विकलं जाणार नाही, आणि मी इथेच राहीन. म्हणजे ते बिऱ्हाड माझ्याच बाजूने लढतंय! मला ते आवडत नाही, पण त्याने जिंकावं असं वाटतंय. लाज वाटते लिहायला. पण इथेही खोटं लिहायचं तर वही कशाला?

११ एप्रिल, मंगळवार

नसीमबाई अर्ज द्यायला आल्या होत्या. हे बँकेत गेले होते. आम्ही दोघींनी गॅलरीत बसून चहा घेतला. बेडूक कापताना मुली कशा किंचाळतात ते सांगत होत्या, मी माझ्या वर्गातल्या पोरांचं सांगितलं. खूप दिवसांनी इतकं बोलले. पुण्याला जावं लागलं नसतं तर या बाईला मी स्वतः शेजारी आणून बसवलं असतं.

उठताना म्हणाल्या, "रविवारी सभेला या म्हणालेत मला. ओळख व्हावी म्हणून. ताई, तुम्ही असाल ना? मला भाषण नको तुमचं. पण तुम्ही शिक्षिका, तुम्हाला सगळे मानतात. तुम्ही दोन शब्द बोललात तर होईल."

मी म्हटलं, "बोलेन की."

१६ एप्रिल, रविवार

आज संध्याकाळी गच्चीवर सभा. बोलायचं ते ठरवलं आहे. चारच वाक्यं आहेत, पाठ केली आहेत.

१७ एप्रिल, सोमवार

गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या, उस्मानिया बिस्किटं आणली होती. नसीमबाई मागच्या रांगेत, पर्स मांडीवर धरून. विषय निघाला तसे सगळे बिस्किटं चावायला लागले. पहिला बोलला हेमंत. "बात रिलिजन की नहीं है, अंकल. आपला मराठी कल्चर आहे ना, तो प्रिझर्व्ह करना पाहिजे. लँग्वेज आहे, फेस्टिव्हल्स आहेत." टाळ्या! मराठी वाचवण्याचं भाषण अर्धं हिंदीत आणि अर्धं इंग्रजीत ऐकून म्हातारी माणसं गहिवरली.

हिम्मतरावांनी त्यालाच नियम वाचायला सांगितला. जुनी छापील पुस्तिका, मराठीतली. हेमंत उभा राहिला. "सभासदाने आपल्या सदनि... सदनिकेचे ह... हस्त..." अडकला. मागून हलक्या आवाजात, आम्ही शिक्षक लोक सवयीने सांगतो तसं, आलं, "हस्तांतरण." "हस्तांतरण," हेमंत म्हणाला, "थँक्यू मॅडम." आणि पुढे वाचलं, "हस्तांतरण केवळ मराठी भाषक व्यक्तीसच करावे." कुणी आकाशाकडे बघत होतं, कुणी पाण्याच्या टाकीकडे. एवढं झाल्यावर तरी कुणी हसेल असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही.

मग हे उठले. कागद नव्हता हातात. म्हणाले, "जन्मभर मी आपली माणसं, आपली माणसं करत आलो. माझ्या गावचं म्हणावं असं पहिलं माणूस परवा माझ्या दारात आलं, ते ह्या बाई. तुम्ही सगळे मला प्रिय आहात, पण तुमच्यातलं माझ्या गावचं कोणी नाही. नियम मी लिहिला आहे. त्यात ह्या बसतात. बसत नसतील तर नियमात काय लिहायचं राहिलं ते मोठ्याने सांगा, मी लिहून घेतो." कुणी सांगितलं नाही.

श्रीकांत मात्र बसल्या जागेवरून म्हणाले, "माझ्या वेळी हेच बोलला असतात तर?" ह्यांनी मान खाली घातली. "चुकलं माझं तेव्हा," म्हणाले. सगळ्यांसमोर! मी ह्या माणसाबद्दल या वहीत काय काय लिहिलं आहे.

हिम्मतराव माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमी शिकलेल्या, तुमी सांगा. तुमचं काय म्हणणं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नसीमबाईंनी चष्मा नीट केला आणि जराशा हसल्या, वर्गात पाठांतर पक्कं असलेल्या मुलीकडे बघून हसतो तशा. चार वाक्यं तोंडात तयार होती. आणि मला माझी गॅलरी दिसली, भाजीवाली दिसली, कोथरूडची ती पाहुण्यांची खोली दिसली.

मी म्हटलं, "चहा आणते."

खाली येऊन पाणी ठेवलं. साखर घातली, चहा घातला, उतू जाईपर्यंत बघत उभी राहिले. ट्रे घेऊन वर गेले तेव्हा हात वर करून झाले होते. नामंजूर. नसीमबाईंनी माझ्या हातचा कप घेतला, "थँक्यू ताई" म्हणाल्या, पूर्ण चहा प्यायल्या आणि गेल्या.

१९ एप्रिल, बुधवार

ह्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. हिम्मतरावांनी राजीनामा दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतला.

रात्री जेवताना मला विचारलं, "सभेच्या दिवशी तुला बरं नव्हतं का?" मी म्हटलं, डोकं दुखत होतं. "मला वाटलंच," म्हणाले आणि ताट उचललं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. खरंच वाटलं ह्यांना.

२२ एप्रिल, शनिवार

जाहिरातीची पाटी आणून अडगळीत टाकली. पुण्याचं नाव नाही. स्टोव्ह गॅलरीतून उचलला आणि आज ग्रॅनाइटवर कणीक मळली, फोडणी केली. हळदीचा डाग पडला. ह्यांनी बघितला आणि पेपर वाचायला गेले.

मी जिंकले आहे. घर माझं आहे, ओटा उंच आहे, कंबर दुखत नाही. इंदुताई म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू इथेच आहेस." हो, बरं झालं. कुणाची टिंगल करावी असं मात्र चार दिवसांत एकदाही मनात आलं नाही.

२९ एप्रिल, शनिवार

लायब्ररीत गेले होते. मराठीच्या कपाटाशी नसीमबाई. मी मागच्या मागे फिरणार होते, पण त्यांनी पाहिलं. "ताई, कशा आहात? सर कसे आहेत?" मी विचारलं, घर? "शोधतेय. आत्ता दिलसुखनगरला भाड्याने राहते, ते मालक भले आहेत, मुदत महिन्या-महिन्याने वाढवून देतात." हातातलं पुस्तक मला दिलं, "हे वाचा, तुम्हाला आवडेल." सभेचा विषय नाही, रागही नाही.

मला सांगायचं होतं की मी चार वाक्यं पाठ केली होती. आता ती कुणाला म्हणून दाखवायची? पुस्तक घरी आणलं आहे. उघडलेलं नाही.

७ मे, रविवार

सकाळी हिम्मतराव आणि हेमंत पेढे घेऊन आले. हेमंतला वरची जागा अपुरी पडते, तर खालचंच घर घेऊन टाकू म्हणतात. आपलंच माणूस आहे, नियमात बसतं, लोकांचीही काही हरकत नाही. भाव त्यांनीच सांगितला. हे थकल्यासारखे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "घ्या. पुण्याला जायचंच आहे."

माझं काय म्हणणं, हे कुणी विचारलं नाही. हिम्मतराव तेवढं म्हणाले, "वहिनी, चहा टाका."

मी टाकला.